रबराचे दाणे

मैदानावर आता गवत नाही.
हिरवी प्लॅस्टिकची पाती, आणि त्यांच्या मुळाशी
जुन्या टायरांचा चुरा.
गवताचे डाग काढायला व्हिनेगर लागायचं,
ती विद्या माझी वाया गेली.
आता मशीनच्या जाळीत रोज मूठभर काळे दाणे साचतात.
मी ते कॉफीच्या डब्यात भरते.
कशाला, ते विचारू नका.

एकवीस वर्षं झाली या तळघरात,
टॅलमन स्टेटच्या स्टेडियमखाली.
खाण बंद झाली तेव्हा नवरा म्हणाला होता,
व्हर्लीन, या डोंगरात आता दोनच ठिकाणी दिवे राहतील,
चर्चमध्ये आणि फुटबॉलला.
चर्च बुधवारी उघडेनासं झालंय.

शनिवारी माझ्या डोक्यावर साठ हजार माणसं नाचतात.
छताचे पोपडे घड्या घातलेल्या टॉवेलांवर पडतात,
मी ते परत धुते.
खेळातलं मला कळत नाही.
कोण जिंकलं ते कपडे सांगतात.
हरलेले कपडे जड.
घाम तेवढाच, पाणी तेवढंच,
पण गाडी ढकलताना मनगटाला समजतं.

चौतीस नंबर ट्रॅमेलचा होता.
फ्लॉरिडातल्या उसाच्या पट्ट्यातला पोरगा,
रात्री दहाला जिना उतरून यायचा,
तोवर मेसला कुलूप.
मी माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच ठेवायचे.
वरच्या दुकानात त्याचा शर्ट एकशेचाळीस डॉलरला.
तुला त्यातलं काय मिळतं रे, मी एकदा विचारलं.
“धुऊन मिळतो, मिस व्हर्लीन.”

मग कायदा बदलला,
पोरांना आपलं नाव विकता येऊ लागलं.
हमरस्त्यावरच्या फलकावर ट्रॅमेल गादीवर आडवा,
गादीवाल्याचा फोन नंबर त्याच्या पायाशी.
आईच्या घरावर पत्रे घातले म्हणाला.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
डिसेंबरात दुसऱ्या कॉलेजने जास्त दिले,
तो गेला.
जाताना खाली आला नव्हता. बस लवकरची असेल.

सात सामने हरल्यावर कोचला काढलं,
रविवारी, प्रार्थनेच्या वेळेला.
कराराची चार वर्षं उरली होती,
म्हणून नव्वद लाख डॉलर
उद्यापासून न येण्याचे.
मी एकदा तापाने फणफणले होते, तीन दिवस आले नाही.
तीन दिवसांचे कापले.

नव्वद लाख कुठून तरी यायला हवेत.
पोहण्याचा तलाव बंद केला.
ॲनेलीस नावाची मुलगी टॉवेल परत द्यायला आली,
बारा होते, मोजून दिले,
केसांना अजून क्लोरीनचा वास.
सही कुठे करू, विचारलं.
टॉवेलांना सही लागत नाही, मी म्हटलं.
तरी उभीच राहिली.

आणि माझ्या लेकीचं फीचं बिल.
नर्सिंगला आहे, याच कॉलेजात,
शनिवारी इस्पितळात पाळी असते,
सामना तिने आजवर पाहिलेला नाही.
बिलात सातवी ओळ: ॲथलेटिक फी, अकराशेवीस डॉलर.
मला तासाला सव्वाचौदा पडतात.
कागदावर भागून पाहिलं.
एकोणऐंशी तास मी धुते
ते माझ्याच डोक्यावर नाचायला देण्यासाठी.
हिशेब दोनदा केला,
पहिल्यांदा वाटलं चुकलाय.

दुकानात चौतीस नंबर आता टोपलीत, नऊ डॉलरला.
एक घेतला.
घरच्या मशीनमध्ये टाकला, सवयीने जाळी उघडली.
एक दाणा नाही.
नुसता चारचा कोपरा सुटून आला होता.

वसंतात नवा चौतीस आला, ओहायोचा,
कान लाल, दाढी अजून नीट फुटलेली नाही.
काल डब्याकडे बोट करून म्हणाला, यात काय आहे?
मैदान, म्हटलं.
थोडं थोडं करून घरी नेतेय.
तो हसला नाही.
मेस किती वाजता बंद होते, त्याने विचारलं.